गालिच्याचे मोजमाप व खरेदी

घराच्या जमिनीवर अंथरावयाच्या गालिच्याची खरेदी दोन मापांवर अवलंबून असते. पहिले माप जागेचे म्हणजे लांबी-रुंदीचे आणि दुसरे विणीचे म्हणजे एक चौरस इंचातील गाठींचे. पहिल्यावरून गालिचा खोलीत बसेल किंवा नाही हे कळते. दुसऱ्यावरून त्यात किती श्रम खर्ची पडले आहेत याचा अंदाज येतो. गालिच्यांच्या व्यापारात पहिले माप उत्तरोत्तर प्रमाणित होत गेले, तर दुसरे सर्वसामान्य ग्राहकाच्या दृष्टीआड झाले. या उद्योगातील मजुरीचा प्रश्न समजण्यास हा इतिहास उपयुक्त आहे.

पूर्वपीठिका : उपलब्ध असलेल्या अत्यंत जुन्या गाठीच्या गालिच्यांपैकी एक सायबीरियातील अल्ताई पर्वतप्रदेशात पाझिरिक येथील थडग्यात 1949 मध्ये सापडला. तो इ. स. पू. पाचव्या-चौथ्या शतकांतील असून जेमतेम 2 मी. लांबीच्या या गालिच्यात दर चौ. सेंमी.ला सु. 36 गाठी आहेत. भारतात अकबराने आग्रा, फतेपूर व लाहोर येथे गालिच्यांचे कारखाने चालविले. अबुल फज्लने आईन-इ-अकबरीतील फर्राशखान्याच्या प्रकरणात 20 गज 7 तसू लांब व 6 गज 11½ तसू रुंद अशा एका गालिच्याची नोंद केली आहे. त्यास 1,810 रुपये खर्च आला. जाणकारांनी मात्र त्याचे मोल 2,715 रुपये ठरविले. लांबी-रुंदी तीच असूनही वस्तूचे मोल तिच्या खर्चाहून निराळे असू शकते, याची ही जुनी साक्ष होय.

बिछायत, तंबू इत्यादींची व्यवस्था पाहणाऱ्या फरासखान्याची परंपरा मराठेशाहीतही होती. पुण्यातील फरासखाना हे स्थलनाम तिचेच स्मारक आहे. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत जागा खणांनी मोजीत. बैठकीवर जाजम, सतरंजी वा गालिचा अंथरीत व काम झाल्यावर गुंडाळून ठेवीत. बिछाना खोलीच्या कडांना नेमका भिडलाच पाहिजे अशी गरज नसल्याने काटेकोर मापाचा प्रश्न सहसा उद्‌भवत नसे.

पट्ट्यांचा गालिचा : संपूर्ण जमीन भिंतीपासून भिंतीपर्यंत झाकण्याची रीत यूरोपात रूढ झाली, तेव्हा हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. ब्रसेल्स व विल्टन या प्रकारांचे गालिचे 27 इंच रुंदीच्या पट्ट्यांत विणले जात. ही रुंदी जुन्या फ्लेमिश एल या मापाएवढी असून ती एका विणकरास मागावर सहज पेलत असे. विक्री यार्डावर होई आणि पट्ट्या शेजारीशेजारी शिवून खोलीभर बिछाना तयार करीत. उदा., 14 फुट लांब व 11 फुट रुंद खोलीस प्रत्येकी 14 फुटांच्या पाच पट्ट्या म्हणजे 23⅓ यार्ड कापड लागे. त्यांची एकत्र रुंदी 135 इंच भरे व तीन इंच आत दुमडावे लागत. शिवाय शेजारच्या पट्ट्यांवरील नक्षी जुळविताना आणखी काही कापड वाया जाई. अमेरिकेतील इरॅस्टस बिगेलो याने या विणीसाठी यंत्रमाग सिद्ध केला व त्यावरील गालिचे 1851 च्या लंडन येथील महाप्रदर्शनात मांडण्यात आले. पुढे मध्यमवर्गीय घरांतही असे गालिचे आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील डाल्टन हे टफ्टेड गालिच्यांचे मोठे केंद्र बनले. या पद्धतीत गाठी नसतात. सुयांनी सूत पाठीच्या कापडात खुपसून मागून चिकटद्रव्याने पक्के करतात. 12 फुट हा पन्हा येथे प्रमाण ठरला. वरील खोलीस आता 14 × 12 म्हणजे 168 चौ. फुट गालिचा पुरतो व 14 चौ. फुट कातर निघते. खोलीची रुंदी 12 फुटांहून अधिक असल्यास जोड द्यावा लागतो. तेथे लवेची दिशा एकच न ठेवल्यास दोन भागांचे रंग निरनिराळे भासतात.

भारतीय गालिचे व तुरुंग : 1851 च्या प्रदर्शनातील भारतीय गालिच्यांमुळे यूरोपात त्यांची मागणी वाढली आणि ती भागविण्यास तुरुंगांतील कारखानेही पुढे आले. आग्रा व पुण्याजवळील येरवडा हे तुरुंग त्यांत प्रसिद्ध होते. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आग्रा येथील कैद्यांनी विणलेला, सु. 80 फुट लांब व 40 फुट रुंद असा बिनजोड गालिचा विंझर किल्ल्यातील वॉटर्लू दालनात आहे. कैद्यांच्या श्रमास बाजारभावाने मजुरी द्यावी लागत नसे. या स्पर्धेने स्वतंत्र विणकर व त्यांची कला यांची हानी होते, अशी टीका जॉर्ज बर्डवुडने द इंडस्ट्रियल आर्ट्‌स ऑफ इंडिया (1880) या ग्रंथात केली.

गाठी व मजुरी : 9 × 12 फुटांच्या गालिच्याचे क्षेत्रफळ 108 चौ. फुट म्हणजे 15,552 चौ. इंच होते. चौ. इंचास 100 गाठी असल्यास त्यात सु. 15½ लक्ष गाठी बसतात. एका कुशल विणकराचे दिवसाचे काम 8,000 गाठी धरले, तर एकट्यास हा गालिचा विणण्यास सु. 194 दिवस लागतील. वीण 200 गाठींची असल्यास हाच काळ दुप्पट होतो. खोलीत घेतलेले माप मात्र तेवढेच राहते. दर केवळ चौरस फुटावर ठरला व ग्राहकाने वीण पाहिली नाही, तर या वाढीव श्रमाचा भार अखेर विणकराच्या मजुरीवर पडतो.

उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूर या प्रमुख उत्पादनक्षेत्रात याच ओढाताणीतून बालमजुरी बोकाळली. लहान बोटेच बारीक गाठी मारू शकतात, हे तिचे समर्थन निराधार होय. मुलांना अल्प मजुरीत राबविता येते, हेच खरे कारण. 1986 च्या बालमजूर कायद्याने गालिचा विणकाम मुलांना निषिद्ध केलेल्या कामांत घातले. कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने 1994 मध्ये रगमार्क ही खूणचिठ्ठी सुरू झाली. तीच पुढे गुडवीव्ह या नावाने ओळखली जाऊ लागली. 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांस कोणत्याही उद्योगात कामास ठेवण्यास मनाई केली. कुटुंबाच्या व्यवसायात शाळेच्या वेळेबाहेर मदत करण्याचा अपवाद मात्र ठेवला.

खरेदीतील दक्षता : खोलीची लांबी व रुंदी प्रत्येकी किमान दोन ठिकाणी मोजून मोठे माप धरावे, कारण भिंती क्वचितच काटकोनात असतात. दाराची फळी गालिच्यावरून फिरेल एवढी फट आहे किंवा नाही, हे पाहावे. त्यानंतर गालिचा उलटून पाठ तपासावी. पाठीवर कापड चिकटविलेले असल्यास तो बहुधा टफ्टेड असतो. हाताने विणलेल्या गालिच्याच्या पाठीवर नक्षी व गाठी स्पष्ट दिसतात. एक इंचातील आडव्या व उभ्या गाठी मोजून त्यांचा गुणाकार करावा. एका गाठीचे दोन उंचवटे दिसत असल्यास ते एकच धरावे. दोन गालिच्यांच्या किंमतींची खरी तुलना या मोजणीनंतरच होऊ शकते.