राख कोरडी आहे तोवरच मोलाची

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोसा विणकामासाठी ओळखले जाणारे, धानाच्या बांध्यांनी वेढलेले गाव. गावात वीज केंद्र नाही. मात्र पश्चिमेस मौदा येथे एनटीपीसीचे २३२० मेगावॉटचे, पूर्वेस तिरोडा येथे ३३०० मेगावॉटचे खासगी केंद्र आणि नागपूरलगत कोराडी व खापरखेडा ही महानिर्मितीची केंद्रे, ही सारी गावापासून शंभर किलोमीटरच्या आत आहेत. त्यामुळे कोळशाच्या राखेचे काय करायचे, हा प्रश्न या भागापुरता तरी केवळ अभियंत्यांचा उरत नाही. वीटभट्टीला हवी असते ती शेताची वरची माती, आणि धानाचे पीकही याच थरावर उभे असते. राखेची वीट खपली तर ती माती शेतात राहते.

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. आयात कोळशात ते बरेच कमी असते. कोळसा पिठासारखा दळून भट्टीत जाळला की सुमारे एक पंचमांश राख तळाशी साचते आणि उरलेली धुराबरोबर वर जाते. विद्युतभारित पट्ट्यांच्या यंत्रणेत, म्हणजे ‘ईएसपी’मध्ये, हे सूक्ष्म कण अडवले जातात. हीच उडती राख किंवा ‘फ्लाय अ‍ॅश’. तिच्यात मुख्यत्वे सिलिका व अ‍ॅल्युमिना असते. नुसत्या पाण्याने ती घट्ट होत नाही. चुना आणि पाणी मिळाले की मात्र सिमेंटासारखी बांधली जाते. इटलीतील पॉझुओली गावानजीकच्या ज्वालामुखीय राखेचा हा गुण रोमन गवंड्यांना ठाऊक होता आणि अशा पदार्थांना ‘पोझोलाना’ हे नाव त्या गावावरूनच पडले.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. यंत्रणेच्या कुप्यांतून कोरडी उचललेली राख बारीक, एकजिनसी आणि क्रियाशील असते. तीच राख पाण्यात कालवून नळांवाटे तलावात सोडली की जाड-बारीक कण एकत्र होतात, तळाची राखही त्यात मिसळते आणि तिचा बांधण्याचा गुण बराच घटतो. अशी राख भरावाला चालते. सिमेंट कारखानदार तिच्याकडे सहसा फिरकत नाहीत. तरीही देशातील बहुसंख्य जुनी केंद्रे राख ओलीच सोडत आली, कारण केंद्राच्या दृष्टीने तोच सर्वांत स्वस्त आणि बिनडोकेदुखीचा मार्ग होता.

कोरड्या राखेचा सर्वांत मोठा ग्राहक सिमेंट उद्योग आहे. भारतीय मानकानुसार पोर्टलंड पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख मिसळता येते. तेवढे क्लिंकर कमी लागते आणि ते भाजताना बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइडही कमी होतो. महाराष्ट्रात घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाच्या धरणांसाठी रोलरने दाबलेले काँक्रीट वापरले गेले. देशातील अशा पहिल्या धरणांमध्ये त्यांची गणना होते. त्यात सिमेंटच्या निम्म्याहून अधिक जागा राखेने घेतली.

ग्रामीण भागाला अधिक जवळचा मार्ग विटांचा. विशाखापट्टणमचे एन. भानुमतीदास आणि एन. कालिदास यांनी विकसित केलेल्या ‘फॅल-जी’ पद्धतीत राख, चुना व जिप्सम यांचे मिश्रण साच्यात घालून वीट पाडतात. ती भाजावी लागत नाही. दोन-तीन आठवडे पाणी मारून मुरवावी लागते. सरपण किंवा कोळसा वाचतो, वीट आकाराने सारखी निघते, गिलाव्याला माल कमी लागतो. अडचण आहे ती पाण्याची. मे महिन्यात विदर्भात वीट मुरवायला पाणी पुरवणे सोपे नाही आणि पुरेशी न मुरलेली वीट कडांनी झडते. राखेच्या विटेची गावोगावची अपकीर्ती बहुतांशी अशा घाईतून झाली आहे.

केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेत राखेच्या वापराची सक्ती प्रथम केली. सुपीक मातीचे रक्षण हे तिचे एक घोषित उद्दिष्ट होते. केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील वीट उत्पादकांना किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक झाले. २००३ मध्ये ही मर्यादा १०० किलोमीटरवर गेली, २०१६ मध्ये ३०० वर. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही स्वतंत्र राख वापर धोरण स्वीकारले. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे एक हजार रुपये पर्यावरण भरपाई लावली.

आकडे पाहता या सक्तीला यश आले. १९९६-९७ मध्ये देशात दहा टक्क्यांहूनही कमी राख वापरली जात होती. २०२१-२२ मध्ये सुमारे २७ कोटी टनांपैकी जवळपास ९६ टक्के वापर नोंदला गेला. परंतु या हिशेबात सिमेंट आणि विटा यांच्याबरोबर सखल जमिनीचा भराव, खाणींचे खड्डे आणि राखेच्या बंधाऱ्यांची उंची वाढवणे हेही ‘वापर’ म्हणूनच मोडते. राखेत आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, पारा अंशमात्र असतात. विटेत ती बऱ्याच अंशी बांधली जातात. तळाला अस्तर नसलेल्या खड्ड्यात मात्र पावसाबरोबर भूजलात उतरू शकतात. दोन्ही टन कागदावर सारखेच मोजले जातात, हा या आकडेवारीचा मोठा दोष आहे.

तलावातील राख किती धोक्याची, हे १६ जुलै २०२२ रोजी दिसले. कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख तलावाचा बंधारा पावसात फुटला आणि राखमिश्रित पाणी परिसरातील वस्त्या, शेते व नाल्यांवाटे कोलार नदीत गेले. कोलार कन्हानला मिळते आणि कन्हान पुढे भंडारा जिल्ह्याच्या सीमेवर वैनगंगेला. अशा तलावांतील वर्षानुवर्षांची राख दहा वर्षांत हलवण्याची अट २०२१ च्या अधिसूचनेत आहे. ती मुख्यतः रस्त्यांच्या भरावात आणि खाणींतच जाईल, कारण चांगल्या विटेला लागणारी कोरडी राख तलावातून परत मिळत नाही. ती रोज केंद्रातच वेगळी काढावी लागते आणि बंद टँकरमधून वीट कारखान्यापर्यंत न्यावी लागते. राख फुकट मिळाली तरी टँकरचे भाडे उरते. भट्टीवाल्याला शेजारच्या बांधीतील माती त्याहून स्वस्त पडली, तर तो तीच उचलतो.