आकडा

मराठीत ‘आकडा’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. आम्हा बँकवाल्यांचा आकडा खात्यात असतो, खाटकाचा दुकानात टांगलेला असतो आणि काही होतकरू मंडळींचा रात्री विजेच्या तारेवर पडतो. कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत आमच्याकडे चहासुद्धा कोणाच्या घशाखाली उतरत नाही. म्हणून ५६ सेंटच्या एका लोखंडी आकड्याची हकीकत वाचली आणि मी हिशेब करीत बसलो. तो अजून जुळलेला नाही.

शंभरेक वर्षांपूर्वी खरेदी केलेला हा आकडा कॅलिफोर्नियात फेदर नदीच्या दरीत, पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या एका मनोऱ्यावर होता. काम एवढेच, की विजेची तार धरून लटकायचे. वाऱ्यावर झुलून झुलून बिचारा झिजला. कित्येक वर्षे कोणी वर चढून त्याला नीट पाहिलेही नव्हते. ८ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी तो तुटला. ठिणग्या वाळक्या गवतात पडल्या आणि सोसाट्याच्या वाऱ्याने काही तासांत आग पॅरडाइज गावात आणली. सव्वीसेक हजार वस्तीचे, उंच पाइन वृक्षांच्या सावलीतले गाव. नावाचा अर्थच स्वर्ग. ८५ माणसे गेली, १८ हजारांवर इमारती जळाल्या.

पुढच्याच वर्षी कंपनीने जाहीर केले, की गावातल्या तारा आता जमिनीखालून टाकू. मग इतके दिवस त्या वर काय करीत होत्या?

ह्याचे मूळ तारायंत्राच्या मोर्ससाहेबांपर्यंत जाते. १८४३ साली सरकारकडून ३० हजार डॉलर घेऊन त्यांनी वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार टाकायला घेतली, ती शिशाच्या नळीतून, जमिनीखालीच! एझ्रा कॉर्नेल नावाच्या गृहस्थाने त्यासाठी खास नांगर बनवला. काही मैल गेल्यावर कळले, की तारेवरचे वेष्टन कुचकामी आहे. काम थांबवायचे, पण वर्तमानपत्रांना सुगावा लागता कामा नये. तेव्हा कॉर्नेलने नांगर मुद्दाम खडकावर घालून मोडला. (पुढे ह्याच गृहस्थाच्या पैशांतून एक नामांकित विद्यापीठ निघाले. नांगर मोडणारा माणूस वाया जातोच असे नाही.) तारा खांबांवर चढल्या, १८४४ च्या मे महिन्यात पहिला संदेश गेला आणि विजेच्या तारांनी पुढे तीच शिडी पकडली.

एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कला वीज दिली ती मात्र जमिनीखालून. पण शहरात एका चरावर शेकडो गिऱ्हाइके बसतात. जंगलातल्या गावात दोन घरांत पाइनची रांग, खाली खडक आणि मुळे. खांबावरची तार उघडी चालते. भोवतालची हवाच तिचे वेष्टन, आणि हवेचे बिल येत नाही! जमिनीत तारेला वेष्टन हवे, नळी हवी, सांधे हवेत. बिघाड झाला तर तो शोधायला पुन्हा खणणे आले. २०२१ साली कंपनीने दहा हजार मैल तारा पुरण्याचा संकल्प सोडला. खर्च मैलाला तीसेक लाख डॉलर. हा आकडा शेवटी गिऱ्हाइकांच्या बिलावर टांगला जाणार, हे सांगायला बी.कॉम. व्हावे लागत नाही.

जून २०२० मध्ये कोर्टात एकेका मृताचे छायाचित्र दाखवले गेले आणि कंपनीचे मुख्याधिकारी दर वेळी ‘गुन्हा कबूल’ म्हणाले. ८४ वेळा. कायद्याने दंड जास्तीत जास्त माणशी दहा हजार डॉलर. मी ५६ सेंट एका बाजूला मांडले आणि दुसऱ्या बाजूला काय मांडावे ते मला कळेना. ज्या लाइनवर तो आकडा होता, ती पुरली नाही. ती कायमची बंद केली.

हे सगळे मी आमच्या हिला सांगितले. ती म्हणाली, “आपल्या खांबावर शेवटचं कोण चढलं होतं हो?”

मी खिडकीतून पाहिले. आंब्याची फांदी तारेवर हात टाकून उभी होती. मे महिन्यात फांदी छाटायला दोघे शिडी घेऊन आले होते. सावली जाईल म्हणून त्यांना चहा पाजून परत पाठवणारा मीच.