भिंतीवरच्या तारखा

खेड आणि चिपळूण यांच्या दरम्यान महामार्गालगत असलेले लोटे आज रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीमुळे ओळखले जाते. परंतु रसायन आणि खेडे यांची पहिली व्यापक गाठ कारखान्यांनी नव्हे, तर हिवतापाच्या फवारणीने घालून दिली. फवारणीवाले घरात डीडीटी मारून भिंतीवर तारीख लिहून जात. आरोग्यखात्याचा इतिहास वाचायचा झाल्यास आपण त्या तारखांपासून सुरुवात करावी, असे आम्हांस वाटते.

या प्रयोगाचा आरंभ परकीय मदतीने झाला नव्हता. १९४६च्या सुमारास मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कानडा व धारवाड जिल्ह्यांत डीडीटीची फवारणी यशस्वी करून दाखविली होती. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा मात्र अमेरिकेचे साहाय्य त्याच्या पाठीशी होते. त्या काळी देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होत, असा अंदाज होता. १९६५ मध्ये रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली. हे यश नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

तथापि १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. डासांची प्रतिकारशक्ती वाढली होती, कीटकनाशकांचा पुरवठा अपुरा होता, ही कारणे खरी आहेत. पण मूळ दोष रचनेत होता. मदतीचा पैसा मोजता येणाऱ्या वस्तूंकडे ओढला जातो: पंप, जीपगाड्या, कीटकनाशकाची पिंपे. फवारणीची मोहीम संपल्यावर घरोघर जाऊन ताप विचारणारा, रक्ताचा नमुना घेणारा कर्मचारी वर्षानुवर्षे पोसावा लागतो, आणि त्याचा पगार देण्याचे काम कोणत्याही मुदतबंद प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात नीट बसत नाही. भोर समितीने १९४६ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जे जाळे सुचविले होते, ते पुरते विणले गेले नव्हते. मोहीम मात्र त्याच अर्धवट जाळ्याच्या हवाली करण्यात आली. दाता निघून गेला, यात त्याचा अपराध थोडा. तो जाणार हे ठाऊक असूनही आपण घर बांधले नाही, हा अपराध मोठा.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे शब्दांचीही एक कथा दिसेल. १९५३ चे ‘नियंत्रण’ १९५८ मध्ये ‘निर्मूलन’ झाले. १९७७ च्या सुधारित योजनेने प्रत्यक्षात पुन्हा नियंत्रणाचाच मार्ग धरला. तरी कार्यक्रमाच्या नावातले ‘निर्मूलन’ १९९९ पर्यंत टिकून राहिले. बावीस वर्षे नाव एक बोलत होते आणि काम दुसरेच करीत होते. निर्मूलनाला शेवट असतो, म्हणून त्यासाठी पैसा मागता येतो. नियंत्रणाला शेवट नाही, ते केवळ करीत राहावे लागते. दात्यास शेवट असलेली गोष्ट हवी असते आणि शासनासही. आरोग्यसेवा ही मात्र शेवट नसलेली गोष्ट आहे.

१९९७ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून हिवतापासाठी नवा प्रकल्प आला, त्यात महाराष्ट्रातील आदिवासी भागही होते. नव्या प्रकल्पाला नवी मुदत होती. भिंतीवरच्या तारखेचा अर्थ एवढाच होता की अमुक दिवशी कोणीतरी आले होते. पुढची तारीख लिहायला पुन्हा कोण येईल, हा प्रश्न मदत मागण्यापूर्वीच विचारायला हवा होता, आणि त्याचे उत्तर आपल्याच अंदाजपत्रकात शोधायला हवे होते.