चार दिवस आणि ४६ वर्षं

शनिवार-रविवार मंगरूळपीरला घरी आलोय, वेळ आहे, म्हणून आज एका इंजिनिअरबद्दल. आमच्यासारखा कीबोर्ड बडवणारा नाही, फौजेतला!

सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. जन्म १९१८ चा, कारवारजवळच्या चेंडियाचा. १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये भरती, मग ब्रह्मदेशात जपान्यांशी लढाई.

८ एप्रिल १९४८. नौशेरा-राजौरी रस्त्यावर शत्रूने सुरुंग पेरलेले, झाडं आडवी टाकलेली. वरून उखळी तोफांचा मारा. दोन जवान गेले, राणे स्वतः जखमी. तरी वाट मोकळी करतच राहिले. रणगाडे पुढे सरकले आणि १२ एप्रिलला राजौरी हाती आली. १९५० मध्ये परमवीर चक्र जाहीर झालं.

धडा इथेच संपतो. माणूस मात्र पुढे ४६ वर्षं जगला! १९५५ मध्ये लग्न, मग मुलंबाळं, पुण्यात संसार... ११ जुलै १९९४ ला गेले.

आजवरच्या २१ परमवीरांपैकी १४ जणांना हा मान मरणोत्तर मिळाला. त्यांच्या घरी फक्त पदक आलं, राण्यांच्या घरी राणेही आले. मागचा माणूस सुखरूप पोचावा म्हणून सुरुंग काढणाऱ्याला स्वतःचं घरदारही लाभलं, याचं मला फार बरं वाटतं.

असो. तुमच्या गावात कुणी म्हातारे फौजी असतील तर लढाईबद्दल विचाराच, पण परत आल्यावर काय केलंत, हेही विचारा.