तुल्साची राख आणि एका पाद्र्याची १६ एमएमची रिळे

जुलै २०१६ मध्ये गुजरातमधील उना येथे दलित तरुणांना गाडीला बांधून मारहाण झाली. तिचा व्हिडिओ मारणाऱ्यांनीच काढला आणि मारणाऱ्यांनीच फिरवला. आपण सगळ्यांनी तो पाहिला, रस्त्यावर उतरलो. पण मित्रांनो, एक प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. कॅमेरा कोणाच्या हातात होता?

हा प्रश्न नवा नाही. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, तुल्सा शहरातील ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती गोऱ्या जमावाने जाळली. सुमारे पस्तीस चौक बेचिराख झाले, हजाराहून अधिक घरे गेली, मृतांचा आकडा तीनशेपर्यंत असावा असा अंदाज आहे. या जळीताचे फोटो गोऱ्यांनी काढले, त्यांची पोस्टकार्डे छापली आणि विकली. आज 'तुल्सा' म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो धूर त्याच कॅमेऱ्यांतून आलेला आहे.

मोठ्या पडद्यावर तर याहून वाईट चालले होते. १९१५ साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' आला. त्यात कृष्णवर्णीय माणूस म्हणजे पशू आणि कू क्लक्स क्लान म्हणजे तारणहार. झोपलेली क्लान त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली. तो न्यूयॉर्कमध्ये लागला तेव्हा बाबासाहेब त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. कृष्णवर्णीयांच्या संघटनेने निदर्शने केली, बंदीची मागणी केली. पण निषेध करणाऱ्याकडे स्वतःचा पडदा नव्हता. दक्षिणेत तर थिएटरात शिरायचे दारही वेगळे आणि बसायची जागाही वरची.

मग १९२३ साली कोडॅकने १६ एमएमची फिल्म बाजारात आणली. ती कंपनीने दलितांच्या कळवळ्याने आणली नव्हती, हे सांगायला नकोच. कॅमेरा, प्रोजेक्टर, तिवई, पडदा असा पूर्ण संच ३३५ डॉलरला होता. हौशी श्रीमंतांचा खेळ. पण त्या खेळात दोन गोष्टी अशा होत्या की ज्यांचा उपयोग भलत्याच माणसाला झाला.

पहिली गोष्ट, ही फिल्म पेट घेत नव्हती. थिएटरची ३५ एमएम फिल्म नायट्रेटची, भडका उडणारी; तिला वेगळी केबिन लागे. १६ एमएम ॲसिटेटवर होती, म्हणून ती घरात, चर्चमध्ये, शाळेत दाखवता येई. मालकाच्या थिएटरची गरजच संपली. दुसरी गोष्ट म्हणजे ती धुण्याची पद्धत, जिला 'रिव्हर्सल' म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत आधी निगेटिव्ह आणि मग दुसऱ्या फिल्मवर तिची प्रिंट. इथे पहिल्या डेव्हलपरमध्ये उजेड लागलेला भाग काळा होतो, ब्लीचमध्ये ती काळी चांदी विरघळून जाते, उरलेल्या भागावर पुन्हा उजेड टाकून तो डेव्हलप करतात. कॅमेऱ्यातून गेलेली तीच पट्टी पडद्यावर दाखवण्याजोगी होऊन परत येते. एका फिल्मचा खर्च वाचतो. धुण्याचा खर्च फिल्मच्या किमतीतच असे. रीळ कंपनीला पाठवायचे आणि परत येण्याची वाट पाहायची.

या तंत्राला वर्षही झाले नसेल तोच, १९२४ मध्ये, सॉलोमन सर जोन्स नावाच्या बाप्टिस्ट पाद्र्याने ओक्लाहोमात चित्रण सुरू केले. १८६९ मध्ये टेनेसीत जन्मलेला, गुलामीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा. ('सर' ही पदवी नव्हे, नावच.) १९२८ पर्यंत त्याने जे टिपले त्याच्या २९ मूक, कृष्णधवल फिल्म आज येल विद्यापीठात आहेत, सुमारे ३५५ मिनिटांच्या. शंभर फुटांचे रीळ सेकंदाला १६ फ्रेमच्या गतीने चार मिनिटांत संपते. म्हणजे ऐंशीहून अधिक वेळा त्याने कॅमेरा भरला असणार.

आणि त्यात काय आहे? चर्चमधून बाहेर पडणारी माणसे. शाळा. बाप्तिस्मा. मिरवणुका. आपल्या मालकीच्या दुकानांत काम करणारी माणसे, आपल्या घरापुढे उभी कुटुंबे. जळून तीन-चार वर्षेच झालेले आणि पुन्हा उभे राहिलेले तुल्सा. जिथे गोऱ्यांच्या पोस्टकार्डांवर राख होती, तिथे जोन्सच्या रिळांत माणसे चालताना दिसतात, टोप्या नीट करतात, कॅमेऱ्याकडे बघून हसतात.

आपल्यातले काही म्हणतील, हा सुखवस्तूंचा अल्बम झाला, यात अत्याचार कुठे आहे? मला हा आक्षेप पटत नाही. अत्याचाराचा पुरावा हवाच, त्याशिवाय कोर्टात उभे राहता येत नाही. पण ज्या समाजाची चित्रे फक्त मार खातानाची उरतात, त्याचा इतिहास मारणारा लिहितो. तुल्साच्या हत्याकांडाबद्दल पुढची कित्येक दशके शाळेच्या पुस्तकांत चकार शब्द नव्हता. इथे वस्ती होती, दुकाने होती, त्यांना मालक होते, हे सांगायला ही रिळे लागतात.

आपल्याकडे हे भान कोणाला नव्हते असे नाही. डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रण नामदेवराव व्हटकरांनी पदरमोड करून केले. त्यांनी ते केले नसते तर मुंबईतला तो अफाट जनसागर आपण कोणाच्या कॅमेऱ्यातून पाहिला असता?

रिव्हर्सल फिल्मची एक वाईट बाजू आहे. निगेटिव्ह नसल्यामुळे कॉपी काढली नसेल तर जगात तिची एकच प्रत असते. ॲसिटेट दमट हवेत सडते आणि व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो. जोन्सच्या फिल्म २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेल्या, तोवर त्या टिकल्या म्हणून.

तुमच्या वस्तीत कोणाच्या माळ्यावर सुपर ८ चा डबा असेल, नाहीतर जयंतीची, धम्म परिषदेची व्हीएचएस कॅसेट असेल. डबा उघडल्यावर आंबट वास आला तर ती फिल्म प्रोजेक्टरवर अजिबात चढवू नका, फाटेल. थेट स्कॅन करून घ्या. आणि त्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून कोण, कुठे, कधी ते डब्यावर लिहा. जोन्स हे काम चित्रण करतानाच करायचा. गावाचे नाव आणि तारीख लिहिलेली पाटी तो आधी कॅमेऱ्यापुढे धरायचा, मग माणसांकडे वळायचा.