शेकोटीपाशी बसलेली बाई
(मध्ययुगीन युरोपातील एका चित्रपोथीविषयी)

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. त्या राजांची कोठारे ज्यांनी भरली आणि त्या धान्याची भाकर ज्यांनी भाजली, त्यांचे काय झाले असे विचारू गेल्यास इतिहासाची पाने बहुधा मुकी राहतात. परंतु कधी कधी भलत्याच ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर सापडते. सहाशे वर्षांपूर्वी फ्रान्समधील शेतकरी कुटुंब हिवाळा कसा काढीत असे, याचे अतिशय बोलके चित्र एका राजपुत्राच्या प्रार्थनेच्या पोथीत आहे. त्या चित्राची ओळख आपल्या भगिनींना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या पोथ्या काय असत ते पाहू. युरोपात छापखाना येण्यापूर्वी प्रत्येक ग्रंथ हाताने लिहावा लागे, आणि अशा पोथ्या बहुधा कागदावर नव्हे, तर वासराच्या किंवा मेंढीच्या कमावलेल्या कातड्यावर. ख्रिस्ती चर्चने दिवसाचे आठ प्रहर प्रार्थनेसाठी नेमले होते. त्या त्या वेळी म्हणावयाच्या प्रार्थना ज्या पोथीत असत तिला 'प्रहरांची पोथी' म्हणत. आपल्याकडील नित्यपाठाच्या पोथीसारखेच तिचे घरात स्थान असे. सुखवस्तू घरांतील अनेक स्त्रियांपाशी अशी स्वतःची पोथी असे आणि मुले तिच्यावरूनच अक्षरे गिरवीत.

पोथीच्या आरंभी पंचांग येई. संतांचे दिवस काळ्या शाईने, मोठे सण तांबड्या शाईने किंवा सोनेरी वर्खाने लिहिलेले असत. प्रत्येक महिन्यासोबत त्या महिन्याची रास आणि त्या महिन्याचे काम चितारण्याची प्रथा होती. जानेवारीत मेजवानी, फेब्रुवारीत शेकोटी, मार्चमध्ये द्राक्षवेलींची छाटणी, उन्हाळ्यात गवतकापणी व धान्याची कापणी, पुढे द्राक्षांची तोडणी, नोव्हेंबरमध्ये डुकरांना रानात ओकची फळे चारणे आणि डिसेंबरमध्ये डुक्कर मारणे, असा तो क्रम असे. हीच कामे आमियाँ व शार्त्र येथील भव्य चर्चांच्या भिंतींवर दगडातही कोरलेली आहेत. त्यामुळे ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही हे पंचांग वाचता येत असे.

ज्या पोथीविषयी मी लिहीत आहे तिला फ्रेंच भाषेत 'त्रे रिश एर', म्हणजे 'अतिसमृद्ध प्रहर', असे म्हणतात. फ्रान्सचा राजा पाचवा शार्ल याचा भाऊ, बेरीचा ड्यूक जाँ, याने ती करवून घेतली. नेदरलँड्समधील नाइमेखेन या गावचे पॉल, हर्मन आणि योहान हे तीन लिंबुर्ग बंधू त्याच्या पदरी चित्रकार होते. सुमारे १४११ पासून त्यांनी हे काम चालविले होते. परंतु १४१६ साली तिघेही भाऊ मरण पावले, त्याच वर्षी जून महिन्यात ड्यूकही गेला, आणि पोथी अपुरी राहिली. पुढे १४८५ च्या सुमारास जाँ कोलोंब या चित्रकाराने ती पुरी केली. आज ती पॅरिसच्या उत्तरेस शाँतिई येथील संग्रहालयात आहे. १८५६ साली ड्यूक दोमाल याने ती विकत घेतली होती. आपला संग्रह शाँतिईबाहेर जाऊ नये, अशी अट घालून त्याने तो 'अँस्तित्यू द फ्राँस' या संस्थेला दिला. २०२५ साली जीर्णोद्धारासाठी पोथीची काही पाने सुटी केली होती, तेव्हा पंचांगाची सर्व चित्रे तेथे लोकांना एकत्र पाहता आली.

आता या पंचांगातील पहिली दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावी.

जानेवारीच्या चित्रात ड्यूक मेजवानीस बसला आहे. अंगावर निळे जरीचे वस्त्र, मेजावर सोन्याची भांडी. दोन लहान कुत्री चक्क मेजावर फिरून ताटांतले खात आहेत. पाठीमागे मोठ्या चुलाण्यात जाळ पेटला आहे आणि त्याची धग मालकाच्या पाठीला फार लागू नये म्हणून मध्ये वेताचा गोल पडदा उभा केला आहे. तो पडदा नेमका त्याच्या मस्तकामागे आल्यामुळे देवादिकांच्या प्रभावळीसारखा भासतो.

पान उलटले की फेब्रुवारी. सारे शेत, टेकडी आणि दूरचे गाव बर्फाखाली झाकले आहे. पाश्चात्त्य चित्रकलेत बर्फ पडलेला मुलूख इतक्या बारकाईने दाखविणारी जी अगदी पहिली चित्रे आहेत त्यांत याची गणना होते. डाव्या बाजूस लाकडी घर आहे. आतले दिसावे म्हणून चित्रकाराने त्याची पुढची भिंत काढूनच टाकली आहे. आत एक अंथरूण, भिंतीशी काठीवर वाळत टाकलेले कपडे आणि शेकोटीपाशी तीन माणसे. मागच्या दोघांनी ऊब मिळावी म्हणून वस्त्रे इतकी वर घेतली आहेत की त्यांना संकोचाचे भान राहिलेले नाही. पुढे निळ्या वस्त्रातील बाई बसली आहे. तिने आपला झगा बेताने गुडघ्यापर्यंत उचलला आहे आणि मान दुसरीकडे वळविली आहे. अमेरिकेतील 'लाइफ' मासिकाने १९४८ साली हे चित्र छापले तेव्हा मागच्या दोघांचा उघडेपणा रंगाने झाकून टाकला होता.

या दोन पानांतला फरक शब्दांत सांगण्याची गरज नाही. एका घरी विस्तवाची धग जास्त होते म्हणून पडदा लावावा लागतो, आणि दुसऱ्या घरी ती अंगाला लागावी म्हणून अंगावरचे वस्त्र दूर करावे लागते.

तथापि एवढ्यावर न थांबता त्या अंगणात जरा हिंडू या. घर चालविणाऱ्या बाईच्या नजरेने पाहिले तर तेथील एकेक वस्तू बोलू लागते.

मेंढवाड्यात मेंढ्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. त्यांच्या छपराला मोठे भोक पडले आहे, पण भर थंडीत ते शाकारायचे कोणी? मेंढी म्हणजे लोकर, दूध आणि शेताला खत. तिचे छप्पर गळू लागले तर घराचेही गळणार. अंगणात लाकडाच्या मोळ्या रचल्या आहेत. एक जण दूर झाडावर कुऱ्हाड चालवीत आहे, आणि दुसरा गाढवावर लाकडे लादून गावाकडे निघाला आहे. रान बहुतेक ठिकाणी सरदाराचे असे. गावकऱ्यांना वाळका लाकूडफाटा वेचण्याची मुभा असे, पण तीही अनेकदा काही कर भरून किंवा वेठ करून. उभे झाड तोडणे ही वेगळी गोष्ट होती. तेव्हा शेकोटीतले प्रत्येक लाकूड हे कोणाच्या तरी परवानगीचे आणि कोणाच्या तरी कष्टाचे होते.

कुंपणापाशी मधमाश्यांची चार घरटी ओळीने मांडली आहेत. पेंढा वळून केलेल्या टोपल्या उपड्या घालाव्या, तशी ती दिसतात. साखर ही तेव्हा श्रीमंतांची वस्तू होती, म्हणून गोडासाठी मधच. मेणाच्या मेणबत्त्या मात्र चर्चमध्ये जळत. गरिबाच्या घरी चरबीचा दिवा किंवा शेकोटीचाच उजेड असे.

मागे एक उंच गोल कबुतरखाना आहे. तो पाहून आपणास कौतुक वाटेल, परंतु फ्रान्सच्या अनेक भागांत असा मनोऱ्यासारखा कबुतरखाना बांधण्याचा हक्क फक्त जमीनमालक सरदारांचा होता. कबुतरे सरदाराची, ती खात पेरलेले बी मात्र शेतकऱ्याचे, आणि त्यांना मारणे हा गुन्हा. ही तक्रार लोकांच्या मनात इतकी खोल रुजली होती की पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत, १७८९ सालच्या ४ ऑगस्टच्या रात्री, सरदारांचे जे विशेष हक्क रद्द झाले त्यांत कबुतरखान्याचाही हक्क होता. चित्रकाराला हे सांगावयाचे नव्हते. त्याने आपल्या धन्याच्या डोळ्यांना सुख देण्यासाठी एक नीटनेटके शेत रंगविले. परंतु खरे पाहून रंगविले की धन्याने न मागितलेले सत्यही चित्रात येऊन बसते.

उजवीकडे एक व्यक्ती घराकडे परतत आहे. डोक्यावरून वस्त्र लपेटून, हातांवर फुंकर घालीत, पायाने बर्फ तुडवीत ती चालली आहे. सारे चित्र न पाहता एवढी एकच आकृती पाहिली तरी थंडी वाजू लागते.

या चित्रात काय नाही तेही लक्षात घ्यावे. ड्यूकला ग्रंथांचा, रत्नांचा आणि इमारतींचा मोठा षोक होता. त्याच्या ग्रंथसंग्रहात सुमारे ३०० हस्तलिखिते होती. या पोथीतील गडद निळा रंग अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या नीलाश्माचा आहे, आणि तो सोन्याच्या तोलाचा मानला जाई. हा खर्च कोठून येत असे? लाँगदॉक या दक्षिणेकडील प्रांताचा कारभार ड्यूककडे होता. करांच्या ओझ्यामुळे १३८१ ते १३८४ च्या सुमारास तेथे बंडाळी माजली, आणि त्याच्या कारभाराविरुद्धच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की १३८९ साली राजाने त्याला तेथून दूर केले. तसेच, ही चित्रे रंगविली जात होती तेव्हा इंग्लंडशी शंभर वर्षांचे युद्ध चालू होते. १४१५ साली अजँकूरच्या लढाईत फ्रान्सचा दारुण पराभव झाला. सैन्य ज्या वाटेने जाई त्या वाटेवरची गावे लुटली व जाळली जात. चित्रातल्या बर्फावर असल्या कशाचाही डाग नाही.

बर्फ मात्र खोटा नव्हता. १४०७–०८ चा हिवाळा पॅरिसच्या लोकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिला. सेन नदी गोठली. तेथील उच्च न्यायालयाचा लेखनिक निकोला द बे याने दप्तरात नोंद केली आहे की लेखणीतील शाई गोठल्यामुळे त्याला लिहिणे अवघड झाले. जानेवारीच्या अखेरीस बर्फ फुटला तेव्हा त्याच्या लाटांनी पॅरिसचे पूल मोडले. राजधानीची ही दशा, तर पेंढ्याच्या छपराखाली काय झाले असेल!

आता स्त्रियांच्या कामाकडे वळू. फेब्रुवारीच्या चित्रात बाई शेकत बसलेली आहे, म्हणून हिवाळा हा तिच्या विसाव्याचा काळ होता असे कोणी समजू नये. अन्य पोथ्यांची पाने चाळली की तिचा दिनक्रम जुळवता येतो. डिसेंबरच्या कित्येक चित्रांत पुरुष डुकरावर सुरी चालवितो आणि बाई लांब दांड्याचे पातेले खाली धरून रक्त गोळा करते. जनावरांना हिवाळाभर पुरेल इतका चारा नसे, म्हणून डुकरे मारून मांस खारवून ठेवीत. मारणे घटकाभराचे काम, पण खारवणे, धुरावणे, चरबी वितळविणे आणि ते पुढे महिनोन्‌महिने पुरविणे हे बाईचे काम. ते कोणी रंगविले नाही. फ्लेमिश पोथ्यांत काही ठिकाणी जवसाची वाळलेली ताटे कुटून धागा काढण्याचे काम दिसते. इंग्लंडमधील लट्रेल यांच्या स्तोत्रग्रंथात, जो सुमारे १३२५ ते १३४० या काळातला आहे, एक बाई हाताने चाक फिरवून सूत काढते आहे. ते चाक पाहून आपल्याकडील कोणासही चरख्याची आठवण व्हावी.

सूतकताई हे तर हिवाळ्याच्या लांब रात्रींचे खास काम. दिवा आणि लाकूड वाचावे म्हणून शेजारणी एका घरी जमत, कातीत आणि बोलत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस, सुमारे १४८० साली, ब्रूज येथे याच बैठकींवर एक फ्रेंच पुस्तक छापले गेले. नाताळपासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंतच्या लांब रात्रींत सहा बायका पाळीपाळीने अध्यक्षस्थानी बसतात. त्या नवऱ्यांविषयी, मुलांच्या दुखण्यांविषयी, गाईगुरांविषयी आणि हवामानाविषयी आपले अनुभव सांगतात, आणि त्यांच्या विनंतीवरून एक लेखनिक ते लिहून घेतो, अशी त्याची मांडणी आहे. लेखनिक पुरुष आहे. तो लिहितो खरे, पण गालातल्या गालात हसत, बायकांच्या शहाणपणाची टवाळी करीत. तरी त्या टवाळीच्या आडून घरगुती औषधे, समजुती आणि संसारातली दुःखे आपल्यापर्यंत पोहोचली आहेत.

आणि चित्रे काढणाऱ्यांत स्त्रिया नव्हत्याच काय? होत्या. चौदाव्या शतकात ज्याँ ल न्वार या चित्रकाराबरोबर त्याची मुलगी बुर्गो पोथ्या रंगवीत असे. १३५८ च्या दस्तऐवजात बापाबरोबर तिचेही नाव आढळते. क्रिस्तीन द पिझाँ या विदुषीने १४०५ सालच्या आपल्या ग्रंथात पॅरिसमधील आनास्तासिया नावाच्या चित्रकर्तीची स्तुती केली आहे. पोथीच्या पानांची वेलबुट्टी आणि चित्रांतील पार्श्वभूमी रंगविण्यात तिची बरोबरी करणारा साऱ्या पॅरिसमध्ये नाही, असे तिने म्हटले आहे. आनास्तासियाचे म्हणून खात्रीने दाखविता येईल असे एकही पान आज नाही. दुसऱ्या एका स्त्रीने लिहून ठेवले म्हणून तिचे नाव तेवढे उरले.

पंचांगातील इतर महिन्यांच्या चित्रांत मागे जे राजवाडे दिसतात त्यांपैकी बरेचसे विद्वानांनी नावानिशी ओळखले आहेत. फेब्रुवारीचे गाव मात्र अनामिक आहे आणि त्या निळ्या झग्यातील बाईलाही नाव नाही. तिने किती मोळ्या वाहिल्या, किती सूत कातले, किती लेकरे त्या थंडीतून जगविली, हे तिला कोणी विचारले नाही. धन्याच्या पोथीत महिन्याचे काम म्हणून तिला एक जागा मिळाली, एवढेच.

ज्यांची कामे दुसऱ्यांनी लिहिली त्यांची ही गोष्ट आहे. मंडळाची स्मरणिका ही वरवर पाहता लहानशी बाब. वर्षभराचे कार्यक्रम, जमाखर्च, कोणी शिवणवर्ग चालविला, आजारी शेजारणीकडे कोणी डबा पोहोचविला, एवढेच तिच्यात असते. परंतु ते आपण आपल्या हाताने आणि नावानिशी लिहितो. त्या शेकोटीपाशी बसलेल्या बाईला जे मिळाले नाही, ते हे आहे. म्हणून यापुढेही प्रत्येक भगिनीने आपल्या घरातील व आळीतील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या कामाच्या आठवणी चार ओळींत का होईना, लिहून ठेवाव्या, अशी माझी सर्वांना आग्रहाची विनंती आहे.