सात अक्षरे, चार इतिहास

ए, ई, आय, एन, आर, एस आणि टी ही सात अक्षरे एकदम हाती आली की इंग्रजी स्क्रॅबल खेळणारा खूश होतो. त्यांचे सात अक्षरी शब्द पुष्कळ होतात आणि सातही एकाच खेळीत लावली की ५० गुण जादा मिळतात. हे सोपेपण मोजून आणलेले आहे. १९३०च्या दशकातल्या मंदीत हाताला काम नसलेले अमेरिकी वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांची पाने घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजले. १०० सोंगट्यांत त्यांनी ‘ई’ला १२ दिल्या, ‘एस’ला चारच, नाहीतर जो तो अनेकवचनेच करीत बसला असता.

खेळाडू हे शब्द पाठ करतात, त्यांना अर्थ लागत नाही. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सनी २०१५ साली फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेतेपद मिळवले. मला मात्र अर्थांचीच ओढ, म्हणून या सातांतून होणारे चार शब्द कोशात पाहिले.

‘रेटिनाज’, म्हणजे डोळ्यांतले पडदे. गेलेनने या पडद्याला ग्रीकमध्ये जाळ्याची उपमा दिली, ती अरबी वैद्यकात गेली आणि बाराव्या शतकात तोलेदोत इब्न सिनाचा ग्रंथ लॅटिनमध्ये आणताना क्रेमोनाच्या जेरार्डने ‘जाळे’ या अर्थाच्या शब्दावरून हे नाव घडवले. आपल्या ‘दृष्टिपटला’त पडदा राहिला, जाळे गेले.

‘स्टिअरिन’ ग्रीक ‘चरबी’वरून आला. फ्रान्सच्या शव्ह्रलने चरबीचे घटक वेगळे केले. त्याच संशोधनातून पुढे धूर व वास कमी करणाऱ्या मेणबत्त्या निघाल्या.

‘रेत्सिना’ ही पाइनच्या राळेची चव असलेली ग्रीक वाइन. वाइनमध्ये राळ घालण्याविषयी पहिल्या शतकात प्लिनीने लिहिले आहे.

‘अनेस्ट्राय’ हे ‘अनेस्ट्रस’चे अनेकवचन: मादी माजावर नसण्याचा काळ. मुळाशी गुरांना चावणाऱ्या माशीचे ग्रीक नाव आहे. माशी चावल्यावर गाय सैरावैरा धावते, त्यावरून माज; आणि नकार लागून त्याचा अभाव.

या चौघांचे एकमेकांशी काही नाते नाही. जे आहे ते रोमन लिपीने जोडलेले. वर मी ते देवनागरीत लिहिले आणि ते सारखेपण तिथेच संपले. ‘रेत्सिना’ आणि ‘स्टिअरिन’ आता एकाच अक्षरांचे दिसत नाहीत. अक्षरांची अदलाबदल भाषेइतकीच लिपीचीही असते. आपल्या लिपीत स्वर व्यंजनाला चिकटून येतो, म्हणून आपल्याकडचे असे जुळे वेगळे: क, पा, त ही तीन अक्षरे एका क्रमाने ‘कपात’ होतात, दुसऱ्याने ‘पातक’. हा योगायोग इंग्रजीत उतरवता येणार नाही. आणि पगारपत्रक हाती घेतलेल्या मराठी माणसाला तो योगायोग वाटणारही नाही.